बर्फ आपल्याच वजनाने मोडतो

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोक नावाचे छोटे शहर आहे. डोंगरात स्नोमोबाइल चालवणाऱ्यांची ही पंढरीच. १३ मार्च २०१० च्या शनिवारी शहराजवळच्या बोल्डर माउंटनवर त्यांचा मोठा मेळा भरला होता. दोनशेच्या आसपास माणसे जमली होती. काही जण समोरच्या उभ्या उतारावर गाड्या चढवत होते, बाकीचे खाली उभे राहून बघत होते. दुपारी वरचा उतार तुटला आणि बर्फाचा लोंढा थेट बघ्यांच्या गर्दीत शिरला. दोघे जण गेले, तीसएक जखमी झाले. त्या शनिवार-रविवारी हिमस्खलनाचा धोका मोठा आहे, असा इशारा आधीच दिलेला होता.

नवशिक्याला जे जे कळायला हवे, ते जवळजवळ सगळे या एका घटनेत आहे. उतार का तुटतो, इशारा कुठे वाचायचा, चढताना किती जणांनी चढायचे, आणि थांबायचे कुठे. कॅल्गरी, व्हँकूव्हर, सिअ‍ॅटल, डेन्व्हर या भागांत आता मराठी घरे कमी नाहीत. ऑफिसातला मित्र म्हणतो, "शनिवारी चल, गाडी भाड्याने मिळते," आणि आपण निघतो. गुलमर्गला चालकाच्या मागे बसून ठरलेल्या वाटेवर मारलेली फेरी एवढाच अनेकांचा आधीचा अनुभव असतो. डोंगरातली स्नोमोबाइल हे अगदी वेगळे प्रकरण आहे. म्हणून निघण्याआधी हा लेख सावकाश वाचावा, ही विनंती.

दरड आणि स्लॅब

आपल्याकडे पावसाळ्यात दरड कोसळते. खाली झोपलेल्या माणसाचा त्यात काही हात नसतो. हिमस्खलनही असेच अचानक अंगावर येत असेल, अशी आपली समजूत असते. डोंगरात फिरायला गेलेल्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. जीवघेण्या अपघातांपैकी दहातल्या सुमारे नऊ अपघातांत बर्फ मोडणारा माणूस त्याच गटातला असतो, बऱ्याचदा गाडला गेलेला स्वतःच. ही गोष्ट भीतिदायक आहे, पण तिच्यातच आपली सुटकाही आहे. जे आपल्या वजनाने मोडते, ते न मोडणेही आपल्याच हातात असते.

आता मोडते कसे ते पाहू. डोंगरावरचा बर्फ एकसंध ढीग नसतो. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर बसतो, मध्ये वारा वाहतो, ऊन पडते, थंडी वाढते आणि प्रत्येक वेळी थराचा पोत बदलतो. निरभ्र, निवांत रात्री बर्फाच्या पृष्ठावर पिसासारखे नाजूक हिमकण उगवतात. दिसायला फार सुंदर, पण एकमेकांना न धरणारे. कडाक्याच्या थंडीत आतल्या थराचेही सुटे दाणे होतात. मुठीत घेऊन दाबले तर गोळा होत नाही, साखरेसारखे बोटांतून गळतात. अशा कच्च्या थरावर पुढच्या वादळाचा बर्फ पडतो, वाऱ्याने दाबला जातो आणि त्याची घट्ट लादी तयार होते. तिकडे तिला स्लॅब म्हणतात. घराच्या स्लॅबमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहेच. फक्त ही स्लॅब खांबांवर उभी नसते, सुट्या दाण्यांवर टेकलेली असते.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. गुळगुळीत फळीवर मूठभर साखर पसरा आणि तिच्यावर जेवणाचा लाकडी पाट ठेवा. फळीचे एक टोक हळूहळू उचला. काही वेळ पाट जागचा हलत नाही. मग एका क्षणी बोटाचा हलका धक्का पुरतो आणि अख्खा पाट एकदम घसरतो. उतारावर नेमके हेच घडते. बोट म्हणजे आपली गाडी. धक्का एका जागी बसतो, पण खालच्या कच्च्या थरातली चीर क्षणात दूरवर पळते आणि पूर्ण उताराची स्लॅब सुटते. म्हणूनच पायथ्याशी सपाटीवर असलेल्या माणसामुळेही कधी कधी वरचा उतार तुटतो.

"आधी चार गाड्या गेल्या, काही झाले नाही" या वाक्यात अर्थ नाही, तोही याच कारणाने. स्लॅब सगळीकडे सारख्या जाडीची नसते. चार गाड्या जाड भागावरून जातात. पाचवी खडकाशेजारच्या पातळ जागेवर येते, तिथे वजन कच्च्या थरापर्यंत पोचते आणि उतार तुटतो. दुसऱ्याच्या चाकोरीवरून उतार सुरक्षित ठरत नाही.

गाडीमुळे काय बदलते

पायी किंवा स्कीवर चढणारा माणूस दिवसभरात दोन-तीन उतार ओलांडतो. स्नोमोबाइलवाला तेवढे उतार तासाभरात ओलांडतो. जितके उतार जास्त, तितक्या वेळा धोक्याशी गाठ. गाडी आणि स्वार मिळून वजन सहज तीनशे किलोच्या घरात जाते आणि फिरणारा पट्टा बर्फात खोल रुततो, त्यामुळे स्कीच्या भाराने न हललेला थरही गाडीखाली मोडू शकतो.

आणखी एक गोष्ट कुणी सहसा सांगत नाही. बर्फ मोडण्याआधी पुष्कळदा बोलतो. कच्चा थर खाली बसताना पोटात 'धप्प' असा दबका आवाज येतो, पृष्ठावर चिरा पळतात. स्कीवाल्याला हे ऐकू येते. हेल्मेट घातलेल्या आणि इंजिनाच्या आवाजात बुडालेल्या स्वाराला काहीच कळत नाही. म्हणून मध्ये मध्ये गाडी बंद करून उतरावे, चार पावले चालावे, बर्फात हात घालून पाहावे, भोवतीचे उतार न्याहाळावे. दिवसभरात पाच-सहा वेळा असे थांबले, तर गाडीने हिरावलेले कान आणि डोळे परत मिळतात.

उभ्या उतारावर जोरात गाडी चढवायची, जमेल तितके उंच जाऊन वळायचे आणि खाली यायचे, मग दुसऱ्याने त्याहून वर जायचे, असा एक खेळ या मंडळींत फार आवडता आहे. गाडी वळते ती जागा सगळ्यात उभी असते आणि तिथेच पट्ट्याचा झटका बसतो. गाडी तिथे अडकली, तर स्वार लोंढ्याच्या वाटेच्या ऐन मध्यावर उभा असतो. नवशिक्याने पहिले दोन हिवाळे तरी या खेळापासून लांब राहावे.

जिन्याचा चढ

बर्फाचा अभ्यास ज्याला येत नाही, त्यालाही वापरता येईल असे एक साधन आहे. ते म्हणजे उताराचा कोन. स्लॅबची हिमस्खलने मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. ३० अंशांच्या खाली ती क्वचित सुटतात. फारच उभ्या कड्यांवर बर्फ साठतच नाही, थोडा थोडा गळत राहतो.

३० अंश म्हणजे किती? घरातल्या नेहमीच्या जिन्याचा चढ साधारण तेवढाच, किंवा थोडा जास्त असतो. समोरचा उतार जिन्याइतका उभा वाटला, की तो तुटू शकतो असे धरून चालावे. डोळ्यांवर मात्र विसंबू नये. फोनमध्ये कोन मोजणारे अ‍ॅप असते, आणि कोनानुसार उतार रंगवलेले नकाशेही मिळतात. आदल्या रात्री नकाशा उघडून रंगीत भाग टाळत वाट आखली, तर निम्म्याहून अधिक काम घरीच होते.

आपण सपाटीवर आहोत एवढ्यावर मात्र निर्धास्त होऊ नये. आपल्या डोक्यावर काय आहे, हेही बघायचे. वरून सुटलेला लोंढा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने येऊ शकतो आणि सपाटीवरही बराच पुढे पसरतो. बोल्डर माउंटनवर बघे सपाटीवरच होते. अरुंद घळ, ओढ्याचे पात्र, खाली कडा किंवा झाडी असलेला उतार या जागा त्याहून वाईट. तिथे छोटा लोंढाही माणसाला खोल पुरतो किंवा झाडांवर आपटतो. बर्फात गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा जीव गुदमरून जाण्याआधी माराने जातो, हे विसरू नये.

सकाळचा पहिला चहा आणि बुलेटिन

कॅनडाच्या पश्चिम भागात 'अ‍ॅव्हलांच कॅनडा' ही संस्था हिवाळाभर रोज धोक्याचा अंदाज देते. तिचे मुख्यालय रेव्हलस्टोकमध्येच आहे. अमेरिकेत कोलोरॅडो, युटा, वॉशिंग्टन, मोंटाना अशा ठिकाणी त्या त्या भागाची केंद्रे हे काम करतात. भारतात हिमालयातले इशारे संरक्षण संशोधन खात्याची चंदीगडची प्रयोगशाळा देते. कॅनडा-अमेरिकेतले बुलेटिन फुकट असते आणि ते वाचायला दहा मिनिटे लागतात.

बुलेटिनमध्ये धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. पहिली कमी, दुसरी मध्यम, तिसरी लक्षणीय, चौथी जास्त आणि पाचवी अतितीव्र. तिसरी पायरी मधोमध आहे म्हणून ती बेताची असेल, असे नवशिक्याला वाटते. तिथेच घात होतो. प्रत्येक पायरीगणिक धोका झपाट्याने वाढतो, आणि तिसऱ्या पायरीचा अर्थ असा की माणसाच्या वजनाने उतार तुटण्याची बरीच शक्यता आहे. चौथ्या-पाचव्या पायरीला शहाणी माणसे घरी थांबतात. तिसऱ्या पायरीला ती बाहेर पडतात, म्हणून मृत्यूंचा मोठा वाटा याच पायरीवर असतो. नवशिक्याने तिसऱ्या पायरीला जिन्याच्या चढाकडे फिरकूच नये.

आकड्याखालचा मजकूरही वाचावा. ताज्या वादळाची स्लॅब असेल तर काही दिवसांत ती बहुधा बसते. वाऱ्याने साठवलेली स्लॅब कड्याच्या आडोशाच्या बाजूला असते, त्यामुळे ती ओळखून टाळता येते. जुना कच्चा थर मात्र आठवडेच्या आठवडे पुरलेला राहतो, वरून दिसत नाही आणि अनुभवी माणसांनाही फसवतो. बुलेटिनमध्ये त्याचा उल्लेख आला की सौम्य उतारांवरच राहायचे.

डोंगरावर पोचल्यावर निसर्गाच्या पाच खुणा बघायच्या. आसपास ताजे हिमस्खलन झालेले दिसणे, पायाखालचा धप्प आवाज किंवा पळणाऱ्या चिरा, गेल्या एक-दोन दिवसांतला जोरदार हिमवर्षाव, वाऱ्याने उडून साठलेला बर्फ आणि अचानक वाढलेली ऊब. यातली एक जरी दिसली, तरी बुलेटिन काहीही म्हणो, बेत बदलायचा.

एका वेळी एकच

डोंगरावरची शिस्त चार वाक्यांत मावते. उतारावर एका वेळी एकच गाडी. बाकीच्यांनी लोंढा पोचणार नाही अशा जागी थांबून त्या गाडीवर नजर ठेवायची. थांबताना गाड्या शेजारी शेजारी लावून त्यांची तोंडे उतारापासून लांब वळवायची, म्हणजे पळायची वेळ आली तर वळत बसावे लागत नाही. आणि एखादा वर अडकला, तर त्याला मदत करायला दुसरी गाडी वर न्यायची नाही.

हे शेवटचे वाक्य मराठी मनाला फार जड जाते. मित्र अडकला आहे आणि आपण खाली उभे राहून बघायचे? हो, बघायचेच. तो आपली गाडी स्वतः उकरून काढेल, त्याला दहा मिनिटे लागतील. दुसरी गाडी वर गेली तर उतारावरचे वजन दुप्पट होते आणि उतार तुटला तर गाडलेले दोघे आणि शोधणारा एक कमी, असा हिशेब होतो.

हा हिशेब किती भयंकर होऊ शकतो, ते २८ डिसेंबर २००८ ला दिसले. ब्रिटिश कोलंबियातल्याच फर्नी शहराजवळ स्पारवुड गावचे अकरा मित्र गेले होते. पहिल्या लोंढ्यात सात जण गाडले गेले. उरलेले चौघे धावून आले आणि उकरू लागले, तेवढ्यात दुसरा लोंढा आला. अकरांपैकी आठ जण गेले. धावून जाणाऱ्यांचे मन मोठेच होते. पण मदतीला जाण्याआधी वर आणखी किती बर्फ लटकला आहे हे बघणे, हा मदतीचाच पहिला भाग असतो.

गटात आणखी एक नियम हवा. कुणीही, अगदी सगळ्यात नवखा असला तरी, "मला हे बरोबर वाटत नाही" म्हणाला की सगळ्यांनी मागे फिरायचे. कारण विचारायचे नाही, चेष्टा करायची नाही.

अंगावर काय हवे

तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर हव्यात. बीकन, प्रोब आणि फावडे. गाडीच्या डिकीत ठेवलेले फावडे गाडीबरोबरच पुरले जाते.

बीकन हे छातीशी पट्ट्याने बांधायचे छोटे यंत्र. ते ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडत राहते. जगभरची बीकन याच लहरीवर चालतात, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे बीकन दुसऱ्या कंपनीच्या बीकनला शोधते. कुणी गाडले गेले की बाकीचे आपले बीकन शोधाच्या स्थितीत आणतात आणि पडद्यावर बाण व अंतर दिसू लागते. फोन, रेडिओ, बॅटरीवर गरम होणारे हातमोजे यांमुळे बीकन गोंधळते. त्या वस्तू एरवी बीकनपासून किमान २० सेंटिमीटर आणि शोधताना ५० सेंटिमीटर लांब ठेवायच्या. शोध सुरू करताना जवळच्या गाड्यांची इंजिनेही बंद करायची.

प्रोब म्हणजे घडी उलगडली की अडीच-तीन मीटर लांब होणारी बारीक काठी. फावडे धातूचेच हवे. थांबलेला लोंढा सिमेंटसारखा आवळतो, प्लास्टिकचे फावडे त्यात मोडते.

चौथी वस्तू म्हणजे एअरबॅगची पाठपिशवी. मूठ ओढली की तिच्यातला फुगा क्षणात फुगतो. ती माणसाला वर का ठेवते, हे चिवड्याच्या डब्यात दिसते. डबा हलवला की चुरा तळाशी जातो आणि शेंगदाणे वर येतात. वाहत्या बर्फातही मोठ्या आकाराची वस्तू वर राहते, आणि एअरबॅग माणसाचा आकार मोठा करते. मोठ्या लोंढ्यात सापडलेल्यांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण फुगलेल्या एअरबॅगमुळे सुमारे २२ टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आलेले दिसले. म्हणजे एअरबॅग असूनही माणसे जातात, आणि कितीतरी जणांना मूठ ओढायचे सुचतच नाही. निघण्याआधी हात आपोआप मुठीवर जाईपर्यंत सराव करावा.

दहा मिनिटे

पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले, तर दहातले सुमारे नऊ वाचतात. अर्ध्या तासानंतर जेमतेम तिघे. मदतीचे हेलिकॉप्टर त्या दहा मिनिटांत येत नाही. म्हणजे सोबतचा मित्र हाच एकमेव बचाव पथक.

लोंढ्यात सापडलेल्याने काय करायचे? गॅस सोडायचा नाही, गाडी कडेकडेने बाहेर काढायची. ते जमत नसेल तर मूठ ओढून गाडीपासून सुटे व्हायचे, कारण सोबत घरंगळणारी दोन-अडीचशे किलोची गाडी जीव घेते. बर्फ थांबता थांबता हात तोंडापुढे आणून श्वासापुरती पोकळी करायची.

बाकीच्यांनी आधी तो शेवटचा कुठे दिसला ते नीट लक्षात ठेवायचे. वर दुसरा धोका नाही ना, हे बघायचे. एकाने सूत्रे हाती घ्यायची, सगळ्यांची बीकन शोधाच्या स्थितीत आणायची आणि सॅटेलाइट यंत्रावरून मदत मागवायची. मग लोंढ्यावरून चाळीस मीटरच्या पट्ट्यांनी चालत जायचे. सरावात हे फार स्पष्ट दिसते. बराच वेळ पडद्यावर काहीच नसते, मग एकदम ३८ उमटते. पावले वेगाने पडतात, २६, १५, ९. तीन मीटरच्या आत आले की धावणे थांबते. शोधणारा गुडघ्यावर येतो, बीकन बर्फाला टेकवून अगदी हळू आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे सरकवतो. २.१, १.४, १.२, पुन्हा १.५. सगळ्यात लहान आकडा दिसला तिथे प्रोब सरळ आत जाते. मिळाले नाही तर २५ सेंटिमीटर अंतर ठेवत गोल गोल बाहेर. काठीखाली जमीन कडक लागते, माणूस मऊ लागतो. तो स्पर्श एकदा हाताला कळला की विसरत नाही.

प्रोब तिथेच रोवून ठेवायची. खणायला सुरुवात तिच्या खालच्या बाजूने, खोलीच्या दीडपट अंतरावरून करायची आणि आडवे आत शिरायचे. सरळ वरून खड्डा खणला तर आपणच त्याच्या डोक्यावर उभे राहतो. एक जण पुढे बर्फ फोडतो, मागचे तो बर्फ मागे लोटतात, दमला की जागा बदलतात. बीकनला दोन-तीन मिनिटे लागतात, खरा वेळ खणण्यातच जातो. तोंड दिसले की आधी नाका-तोंडातला बर्फ काढायचा, छातीवरचा भार हलवायचा आणि गरज असेल तर कृत्रिम श्वास द्यायचा.

हे वाचून येत नाही. कॅनडात 'एएसटी १' नावाचा दोन दिवसांचा कोर्स असतो, स्नोमोबाइलवाल्यांसाठी वेगळाही मिळतो. अमेरिकेत 'लेव्हल १' नावाचा असाच कोर्स आहे. 'अ‍ॅव्ही सॅव्ही' हे अ‍ॅव्हलांच कॅनडाचे प्राथमिक शिक्षण घरबसल्या फुकट मिळते.

म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी कोर्स, मग बीकन-प्रोब-फावडे, मग एअरबॅग, आणि ताकदवान गाडी सगळ्यात शेवटी. प्रत्येक सहलीला गाड्या उतरवल्यावर आधी एकमेकांची बीकन चालू आहेत का, ते तपासा. आणि पहिल्या हिवाळ्यात जिन्यापेक्षा सौम्य उतारांवरच खेळा. त्या उतारांवर मजा तेवढीच येते, आणि संध्याकाळी सगळे घरी परततात.